परभारे

पॉइंटर हरवला की ताई तो शोधत बसत नसे. माउस मुठीत धरून ती तो एकदाच वर आणि डावीकडे झोकून द्यायची, म्हणजे बाण पडद्यावर कुठेही भरकटलेला असला तरी मुकाट्याने डाव्या कोपऱ्यात जाऊन आदळायचा. मग तिथून ती त्याला सावकाश खाली आणायची, अंधाऱ्या जिन्यात पायाने पायरी चाचपावी तसं. आजही तिने तेच केलं. बाण कोपऱ्यात आपटला, हळूहळू उतरत आला आणि ‘पुन्हा दाखव’च्या बटणावर येऊन थांबला. बटणाच्या मध्यावर नाही, अगदी उजव्या कडेला. पण लागला.

धाकटी बहीण तिच्या मागे चहाचे दोन कप घेऊन उभी होती.

पडद्यावर एक पिवळी क्रेन भलं मोठं लोखंडी खोकं खाली उतरवत होती. खोकं खाली येत होतं आणि त्याची सावली जमिनीवरून त्याच्याकडे सरकत होती. क्रेन चालवणारा माणूस उंचावर, काचेच्या खोपटात बसलेला असतो. खोकं जमिनीपासून किती वर आहे हे त्याला खोक्यावरून कळत नाही, सावलीवरून कळतं. दोन्ही एकमेकांना भेटली की खोकं टेकलं. इथे खोकं टेकलं, आणि सावली त्यानंतर पोचली. पापणी लवावी एवढाच उशीर होता. पण होता.

ताई मान जराशी कलती करून, खिडकीबाहेरचं काही ऐकत असल्यासारखी पडद्यासमोर बसली होती.

“सावली नीट पडतेय ना गं?”

“हो,” धाकटी म्हणाली.

“कडा फाटत नाहीयेत?”

“नाही.”

“मग चाललं.” ताईने माउस सोडला आणि खुर्ची मागे सरकवली. “वस्तादांच्या शाळेत पाठवून दे हे.”

“चहा डाव्या हाताला ठेवलाय.”

“दिसतोय मला.” ताईने बोटांची पाठ टेबलावर टेकवली आणि कपाला लागेपर्यंत सरकवत नेली. एक घोट घेतला. “आज साखर घातलीयस, की नुसता डबा दाखवून आणलास चहाला?”

“तुला गोड लागतच नाही काही हल्ली.”

“हल्ली कशाला? तुझ्या हातचं कधीच लागलं नाही.”

धाकटी हसली. हसताना तिची नजर पडद्यावर होती. तिथे खोकं पुन्हा उतरायला लागलं होतं, आणि सावली पुन्हा मागे राहिली होती.

दोघींचं ऑफिस आणि घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत एक पलंग, शेगडी आणि आजवर आलेल्या ग्राफिक्स कार्डांच्या रिकाम्या डब्यांची उतरंड. खालच्या शिलाई मशिनांची घरघर दिवसभर फरशीतून तळपायांना लागायची. नव्याने येणाऱ्याला वाटे, कॉम्प्युटरच एवढा आवाज करतायत.

बहिणींचं काम असं होतं की ते सांगितल्यावर लोक मान डोलवत आणि विषय बदलत. चित्रं मागणारे प्रोग्राम आणि चित्रं काढणारं कार्ड, यांच्या मध्ये बसायचं. कार्ड फार हुशार असतं, पण माणूसघाणं. कुठल्याही प्रोग्रामने उठावं आणि त्याच्याशी बोलावं हे त्याला चालत नाही. दाराशी ड्रायव्हर बसलेला असतो. काय हवं ते त्याला सांगायचं, तो आत जाऊन करवून आणतो. आणि प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरची भाषा निराळी, तऱ्हा निराळ्या, रुसवे निराळे. बहिणींची लायब्ररी, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा संच, त्या सगळ्यांशी जमवून घ्यायची. प्रोग्रामने फक्त म्हणायचं, इथे भिंत हवी, तिथे सावली. बाकीची मनधरणी लायब्ररीची.

ही मनधरणी ताईने आधी एकटीने शिकून घेतली होती आणि मग धाकटीला शिकवली होती. धाकटीचा नवरा गेला तेव्हा ती शाळेत मुलांना भौतिकशास्त्र शिकवायची. नवरा गेल्यावर तिने वर्गात जाणं सोडलं, मग घराबाहेर पडणं सोडलं, मग दिवे लावणं सोडलं. एक दिवस ताई आली. काही समजावलं नाही, जवळ घेतलं नाही. कपाटातल्या साड्या आणि पुस्तकं पिशव्यांत भरली, धाकटीला हाताला धरून इथे आणलं आणि कीबोर्डसमोर बसवलं. “रडायचं तर रड. हात चालू ठेव,” एवढंच म्हणाली. धाकटी रडत रडतच पहिला त्रिकोण काढायला शिकली. तो वाकडा आला. ताईने लांबून, दारातूनच सांगितलं, “तिसरा कोपरा चुकलाय तुझा.”

ताईची नजर तशी होती. पडद्याकडे पाठ करून चहा पिता पिता ती मध्येच वळायची आणि म्हणायची, “त्या इमारतीच्या वरच्या खिडकीत काहीतरी लुकलुकतंय.” तासभर शोधल्यावर ते सापडायचं. मशिनने काढलेलं चित्र शेवटी माणसाच्या डोळ्याखालून जावंच लागतं. या दोन खोल्यांत तो डोळा ताईचा होता. तिने ‘चाललं’ म्हटलं की ते बाहेर जायचं. तिने नाही म्हटलं तर बाकी कुणी कितीही घाई करो, जायचं नाही.

दोघींचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं होतं.

एखादी गोष्ट कार्डाला येतच नसली तर लायब्ररीपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रोग्रामला तोंडावर सांगून टाकायचं, हे इथे होणार नाही, तुझं तू बघ. दुसरी म्हणजे काही न बोलता ते काम कार्डाऐवजी कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घ्यायचं. चित्र तेच येतं, फक्त रखडत येतं. मागणाऱ्याला पत्ताही लागत नाही की काम भलत्यानेच केलं. या दुसऱ्या वाटेला ताईने लायब्ररीत नाव ठेवलं होतं ‘परभारे’. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला तो शब्द बघून दूरदूरचे प्रोग्रामर विचारायचे, हे कुठल्या गणितज्ञाचं नाव?

धाकटीचं म्हणणं होतं, परभारे कायम चालू असू दे. लोकांना चित्राशी मतलब. ताईने ते बंद ठेवलं होतं.

“अगं, कुणाचं काय अडतं त्यात?” धाकटी तेव्हा म्हणाली होती. “काम होतंय ना?”

“चित्र चुकलं तर माणूस ओरडतो, आपण दुरुस्त करतो. चित्र बरोबर येतं पण उशिरा येतं, तेव्हा तो आपल्याच मशिनला दोष देत बसतो. म्हणतो, म्हातारं झालं असेल. त्याला कळायला नको, कुणाच्या जिवावर चाललंय ते?”

“एवढं कोण बघतं?”

“मी बघते.”

त्यानंतर दोघी आठवडाभर एकमेकींशी फक्त ‘गॅस बंद केलास का’ एवढंच बोलल्या होत्या. परभारे बंदच राहिलं. वर ताईने आणखी एक शिस्त घालून दिली. ड्रायव्हरला कधी विचारायचं नाही, तुला हे येतं का म्हणून. “तो हो म्हणणार. नाही म्हणायला कमीपणा वाटतो मेल्याला. विचारायचं नाही, करायला लावायचं. आणि किती वेळ घेतो ते बघायचं. कार्डाने केलं की झटकन होतं. परभारे केलं की वेळ लागतो. वेळ खोटं बोलत नाही.”

हे सगळं धाकटीला पाठ होतं. तरी गेल्या वर्षी ती ज्या गोष्टीत अडकली, तिच्यात अडकताना तिला ते आठवलं नाही.

सुरुवात एका खिडकीने झाली. कुणाच्या तरी इमारतीचं चित्र होतं आणि त्यातली एक खिडकी गळली होती, भिंतीला सरळ भगदाड पडलं होतं. ताई त्यासमोर बसली, मान कलती केली आणि म्हणाली, चाललं. धाकटीला वाटलं, दमली असेल. तिने ताई दुपारी आडवी झाल्यावर खिडकी बसवली आणि दुसऱ्या दिवशी पाठवून दिलं. सांगायचं काय त्यात, तिने मनाशी म्हटलं. मग एका रस्त्याच्या चित्रात रंग उलटे आले. मग एक माणूस पायांशिवाय चालत गेला. दर वेळी ताई म्हणाली, चाललं. आणि दर वेळी दुपारी, मागच्या खोलीत पलंगाची करकर थांबली की धाकटी खुर्ची आवाज न करता ओढून घ्यायची आणि सगळी चित्रं पहिल्यापासून बघायला बसायची. बाहेर जाताना मात्र चित्राबरोबर नेहमीचंच वाक्य जायचं, ‘ताईंनी तपासलं आहे.’

बाकीच्या गोष्टी हळूहळू दिसत गेल्या. ताई वर्तमानपत्र तिच्याकडे सरकवायला लागली, “तूच वाच, मला कंटाळा येतो.” चष्मा सारखा पुसायला लागली. आणि बोलताना ती धाकटीच्या डोळ्यांत नाही, कानाकडे बघायला लागली.

धाकटीने कितीदा ठरवलं. रविवारी बोलू. बाजारातून येताना बोलू. एकदा तर भाजी निवडता निवडता तोंड उघडलंही होतं.

“ताई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं का एकदा?”

“का, तुला कमी दिसतंय?”

“तसं नाही...”

“मग ती भेंडी बघ आधी. किडकी घेऊन आलीयस.”

भेंडी खरंच किडकी होती. ती ताईला बोटांनी कळली होती. धाकटीने तेवढ्यावर समाधान मानलं आणि विषय परत फडताळात ठेवून दिला.

फोन वाजला. वस्ताद होते. क्रेन चालवायला शिकवणारा हा माणूस बहिणींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्या शाळेत पोरं आधी खोट्या क्रेनमध्ये बसायची, समोर पडद्यावर खोकी उतरवायची, आणि हात बसला की मग खऱ्या क्रेनवर चढायची. पडद्यावरची ती खोकी बहिणींच्या लायब्ररीतून जायची. वस्तादांचं जुनं कार्ड जळलं होतं. त्यांनी नवी दोन घेतली, एक तिकडे बसवलं आणि एक इकडे पाठवून दिलं, नीट जुळवून द्या म्हणून.

“कोण, धाकट्या बाई का? झालं का ताईंचं बघून?”

“बघितलं,” धाकटी म्हणाली.

“मग येऊ द्या की! पोरं दुपारी बसतायत. एकेकाचा हात काय सुंदर झालाय, अहो. तुमच्या खोट्या क्रेनची इतकी सवय लागलीय की खरी क्रेन वाऱ्याने हलली की म्हणतात, वस्ताद, हिच्यात बिघाड आहे!”

ते स्वतःच मोठ्याने हसले. धाकटीने फोन कानापासून जरा लांब धरला.

“थोडा वेळ लागेल, वस्ताद.”

“किती?”

“संध्याकाळ होईल.”

“संध्याकाळी काय करू मी त्याचं? दुपारी शेवटचा सराव, उद्या सकाळी सगळी खऱ्या क्रेनवर. खाली माणसं उभी असतात, बाई, खोकं हाताने वळवून घ्यायला. पोरांचा हात आज बसायला हवा. ताईंनी चाललं म्हटलंय ना? मग काय राहिलं? ताईंचं नाव असलं की मी डोळे मिटून लावतो.”

“बघते.”

“बघा, बघा. मी थोड्या वेळाने परत करतो फोन.”

धाकटीने फोन ठेवला. तिने सावलीचा भाग उघडला, चार ओळी बदलल्या, पुन्हा पूर्ववत केल्या. एवढ्यात होण्यासारखं नव्हतं. कारण शोधायलाच दुपार उलटली असती, आणि तिला आजवर दुपार मिळत आली होती. तिने सावली मागे राहिलेली पुन्हा एकदा बघितली. सावली लांब दिसली की पोराला वाटणार, अजून उंची आहे. तो सोडत राहणार. तिने खालच्या माणसांचा विचार केला, दोन्ही हात वर करून खोक्याची वाट बघत असलेल्या. मग तिने फाइल पाठवायची खिडकी उघडली, आणि मिटली.

“काय अडलंय?” ताईने विचारलं. ती आपल्या खुर्चीतच होती, कप दोन्ही हातांत धरून.

“काही नाही. फाइल मोठी आहे.”

“कालच्याएवढीच आहे.”

“नेट रडतंय जरा.”

“बरं.”

खाली एक मशिन थांबलं, दुसरं सुरू झालं. ताईने कप टेबलावर ठेवला, ठेवण्याआधी टेबल कुठे आहे ते करंगळीने बघून घेतलं. मग ती उठली आणि टेबलाच्या कडेने हात फिरवत धाकटीच्या शेजारी येऊन स्टुलावर बसली.

“कीबोर्ड इकडे कर.”

“ताई, मी करते ना. काय हवंय?”

“इकडे कर गं.”

कीबोर्डवर ताईची बोटं कधी अडखळली नाहीत, आजही नाही. तिने न बघता दोन ओळी टाइप केल्या. हे तिचं जुनं खेळणं होतं, धाकटी इथे येण्याआधीचं. एक चित्र पुरं झालं की हा प्रोग्राम स्पीकरमधून एक टिचकी वाजवायचा, दुसरं झालं की दुसरी. चित्रं झरझर यायला लागली की टिचक्यांचा एकसारखा झरा लागायचा.

क्रेन सुरू झाली. टिचक्या सरळ, सपाट पडायला लागल्या. खोकं वर गेलं, वळलं. मग ते उतरायला लागलं, सावली चित्रात आली आणि टिचक्या लंगडल्या. दोन पडल्या, खंड पडला, एक पडली, पुन्हा खंड. एक पाय ओढत कुणी जिना चढावं तसा आवाज.

“ऐकलंस?” ताई म्हणाली.

“हं.”

“सावली कार्ड काढत नाहीये. ड्रायव्हर हो म्हणतोय आणि आतल्या आत प्रोसेसरकडून काढून घेतोय. आपण बंद ठेवलं तरी त्याने त्याच्याकडे परभारे चालू ठेवलंय. मग क्रेनचा प्रोग्राम बिचारा काय करेल? सावली वेळेवर आली नाही की मागचीच चिकटवून देतो.”

“हो,” धाकटी म्हणाली. मग तिने ताईकडे बघितलं. “तुला आत्ता कळलं?”

“सकाळी कळलं. तू अंघोळीला गेलीस तेव्हा.”

धाकटीचा हात माउसवर होता. तो तिने काढून मांडीवर ठेवला.

“तरी चाललं म्हणालीस?”

“आधी तुला विचारलं. सावली नीट पडतेय ना म्हणून.” ताईने टिचक्या बंद केल्या. “तू हो म्हणालीस.”

पडद्यावर खोकं आवाजाशिवाय उतरत राहिलं.

“कधीपासून कळलंय तुला?” धाकटीने विचारलं.

“काय? माझ्या डोळ्यांचं, की तुझं?”

धाकटीने आपला थंड झालेला कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“डोळ्यांचं आधी,” ताई म्हणाली. हवामान सांगावं तशा आवाजात. “डॉक्टरकडे जाऊन आले मी. बँकेत जाते सांगितलं होतं ना तुला, तेव्हा. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. चष्म्याने होण्यासारखं नाही म्हणाला, आणि वाढत जाणार म्हणाला. बराच भला माणूस होता, सारखं पाणी हवं का विचारत होता.” ती थांबली. “तुझ्याकडे बघितलं की मला तुझ्या कानातलं दिसतं. तू दिसत नाहीस.”

धाकटीने नकळत हात कानाकडे नेला आणि अर्ध्यावरच खाली घेतला.

“आणि माझं?”

“तुझं म्हणजे... पूर्वी मी चाललं म्हटलं की चहा निवायच्या आत बाहेर जायचं. मग दुसऱ्या दिवशी जायला लागलं. आधी मला वाटलं, तू आळशी झालीस. तशी तू आहेसच. पण नेहमीच दुसऱ्या दिवशी? आणि वर्षभरात तक्रार म्हणून एक नाही.” ताई हसली. “अगं, माझे डोळे धड होते तेव्हासुद्धा वर्षाकाठी चार-दोन चुका हातून जायच्याच. वस्ताद शिव्या घालायचे फोनवर. एवढी बिनचूक मी कधीच नव्हते.”

धाकटीही हसायला गेली, पण आवाज वेगळाच निघाला. तिने तोंडावर हात धरला.

“रडू नकोस. रडलीस तर मला ते ऐकावं लागतं, बघून सोडून देता येत नाही.”

“बोलली का नाहीस मग?”

“तू कुठे बोललीस?”

“मला वाटलं, तुला...” धाकटीने वाक्य सोडून दिलं. “ही खुर्ची गेली तर तू करशील काय, ताई? दिवसभर?”

“तेच मलाही वाटलं.” ताईने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. “म्हणून गप्प बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. रोज सकाळी समोर बसायचं, मान हलवायची, चाललं म्हणायचं. मागून कुणीतरी निस्तरतंय, हे माहीत असताना. तुझ्या दुपारी खात होते मी.”

“माझ्या दुपारींचं काय एवढं.”

“तुझी झोप होती ती.”

“मग आज का?”

“आज तुला दुपार नव्हती.” ताईने तिच्या दिशेने मान वळवली, नेहमीसारखी जराशी बाजूला. “इतके दिवस उशीर होता तो आपल्या दोघींतच मुरत होता. आज तो त्या पोरांच्या हातात जाणार होता. मला बघायचं होतं, तू काय करतेस.”

“मी पाठवलं नाही.”

“माहीत आहे मला.”

“नसतंच पाठवलं.”

“तेही माहीत आहे. पण नाही असंही म्हणाली नाहीस. नेट रडतंय म्हणालीस.”

धाकटी उठली आणि खिडकीशी गेली. खाली शिंपी दुकानाबाहेर येऊन उन्हात एक कापड उलटसुलट करून बघत होता, रंग जुळतो का ते. बराच वेळ बघत होता. तिला वाटलं, हे ताईला सांगावं, आणि मग लक्षात आलं की खिडकीतून काय दिसतं हे यापुढे रोजच सांगावं लागेल, आणि ताईला ते आवडणार नाही.

“तू किती चिडशील म्हणून मी घाबरले होते,” ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

“चिडलेच आहे. पण कुणावर ते ठरत नाहीये.”

फोन वाजायला लागला. दोघींनीही हात पुढे केला नाही. तो टेबलावर थरथरत थोडा सरकला आणि ताईच्या कपाला जाऊन टेकला. कप बारीक किणकिणायला लागला.

“वस्तादच असतील,” ताई म्हणाली.

“तू सांग त्यांना.”

“काय सांगू?”

“जे आहे ते. तुझं ते ऐकतात.”

ताईने फोनकडे हात नेला, तो कपापाशी थांबवला, बोटांनी कप धरून त्याची किणकिण थांबवली. तेवढंच केलं.

“वर्षभर सांगायचं म्हणतेय गं मी,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला होता. “डॉक्टरकडून परत येताना रस्ताभर घोकत आले होते. जिना चढले, तू दार उघडलंस आणि मी म्हटलं, बँकेत केवढी गर्दी. माझ्याच्याने होत नाही. तू सांग.”

धाकटी टेबलापाशी आली. फोन उचलला आणि ताईला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

“हां, बाई!” वस्तादांच्या मागे पोरांचा कालवा होता. कुणीतरी कुणाला तरी चिडवत होतं. “सगळी मंडळी जमलीत. बसवू का एकेकाला? ताईंनी बघितलंय ना?”

ताई स्टुलावर ताठ बसली होती, वर्गात नाव पुकारायची वाट बघत असल्यासारखी. धाकटीने फोन दोन्ही हातांत धरला. तिला आधी थोडी प्रस्तावना करावीशी वाटली. वस्ताद, असं झालंय की... मग तिने तीही गिळली.

“वस्ताद, पोरांना आज बसवू नका. सावली चुकलीय. मी सकाळी माझ्या डोळ्यांनी बघितलंय,” ती म्हणाली. “आणि ताईला आता दिसत नाही. यापुढे चित्रं ताई तपासणार नाही, मी तपासणार आहे.”